वाचक विचारतात : पिढ्या, मतं आणि समलिंगी हक्क

प्रश्न : जुनी पिढी गेली की समलिंगी विवाहाचा विरोध आपोआप संपेल, असं म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

अर्धंच. अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत १९९६ साली अशा विवाहाला कायदेशीर मान्यता द्यावी म्हणणारे २७ टक्के होते. २०२३ मध्ये ७१. एवढा फरक नुसत्या जन्ममृत्यूच्या हिशेबात बसत नाही. त्यासाठी एकाच पिढीचा माग काढायचा. प्यू रिसर्च सेंटरच्या आकड्यांत १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेल्यांपैकी २००१ साली ३२ टक्के बाजूने होते, २०१७ मध्ये ५६. तीच पिढी सोळा वर्षांनी म्हातारी झाली आणि मवाळही झाली. वय वाढलं की माणूस कर्मठ होतो, हा समज निदान इथे तरी टिकत नाही. सर्वांत वयस्क गटाबद्दल मात्र जपून बोला. बाकीचे वारल्यावर त्यात मागे उरतात त्यांत बायका आणि शिकलेले जास्त, आणि अमेरिकेत या दोघांचाही विरोध मुळातच कमी. त्यामुळे गटाचा आकडा वाढला तरी तेवढ्या सगळ्यांनी मत बदललेलं नसतं.

वेग सगळीकडे सारखा नसतो. २०१९ मध्ये दक्षिण कोरियात समाजाने समलैंगिकता स्वीकारावी म्हणणारे १८ ते २९ वयात ७९ टक्के होते आणि पन्नाशीपुढे २३. घरातल्या घरात केवढी दरी!

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कॉलेजच्या प्रकल्पासाठी याच विषयावर पाहणी करायची आहे. काय सांभाळावं? (एक विद्यार्थिनी)

वय विचारू नका, जन्मसाल विचारा. दहा वर्षांनी कुणी पुन्हा पाहणी केली, तर आजचा तिशीतला गट तेव्हा चाळिशीत शोधता येईल. साल आठवत नसेल तर खुणेने काढा : कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा शाळेत जात होतात का? बहात्तरच्या दुष्काळात केवढे होतात?

मग शब्द. ‘समलिंगी’ म्हटलं की पुष्कळ वयस्क माणसं तृतीयपंथीयांबद्दल उत्तर देतात आणि तुमचा तक्ता तिथेच नासतो. ‘पुरुषाने पुरुषासोबत किंवा बाईने बाईसोबत संसार करणं’ असं सरळ विचारा. कायद्याने परवानगी असावी का, शेजारी चालतील का, आपल्या घरातलं कुणी असेल तर, हे तीन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्याला हो म्हणणारा तिसऱ्याला गप्प बसू शकतो, आणि ते गप्प बसणंही नोंदवायचं.

सगळ्यात जास्त घोळ घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, होतो. सून उत्तर देतेय आणि सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्यात, तर मिळतं ते सासूबाईंचं मत. छापील चिठ्ठी द्या, खूण करून घडी घालून बंद डब्यात टाकायला सांगा. चिठ्ठीवर नाव नको, पण जन्मसाल आधीच लिहून ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी हिरवा-लाल गोल पुरतो. कुठला कशाचा ते आधी समजावून सांगा.

संख्येचं म्हणाल, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २०० माणसांच्या पाहणीतला आकडा सुमारे ७ टक्के इकडेतिकडे होतोच. त्यांचे चार वयोगट पाडलेत तर प्रत्येकी ५० उरतात आणि चूक १४ टक्क्यांवर जाते. दोनच गट करा, १९८० आधीचे आणि नंतरचे.

प्रश्न : भारतात पाठिंबा १५ टक्क्यांवरून ५३ वर गेला, असं वाचलं. बरोबर का? (एक वाचक, नाशिक)

दोन वेगळे प्रश्न एकाच रेषेत बसवलेत. प्यूच्याच पाहण्यांत समाजाने स्वीकारावं म्हणणारे २०१४ मध्ये १५ आणि २०१९ मध्ये ३७ टक्के. मधल्या काळात, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ खालच्या गुन्ह्यातून वगळले. २०२३ चा ५३ हा आकडा विवाहाच्या कायदेशीर मान्यतेबद्दलचा आहे. ती मान्यता द्यायला न्यायालयाने त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला नकार दिला आणि विषय संसदेकडे सोपवला. तेव्हा १५ ते ३७ ही एक रेघ, आणि ५३ हा सुटा ठिपका.