सेटिंग २००चं, आकडा १९२चा

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचं चटईचं मशीन आहे. बॅरलला (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळकांड्याला) २०० अंश लावले तरी आकडा १९२वरच थांबतो. कंट्रोलर बदलावा का?

पैसे वाचवा. तो बिघडलेला दिसत नाही. नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर सेटिंग आणि प्रत्यक्ष तापमान यांतल्या तफावतीच्या प्रमाणात हीटर चालवतो. बँड, म्हणजे हीटर बंदपासून पूर्ण होण्याइतकी तफावत, २० अंशांचा असेल, तर २० अंश तफावतीला हीटर पूर्ण, १०ला निम्मा, शून्याला बंद. आता बॅरल त्या तापमानाला टिकवायला समजा ४० टक्के उष्णता लागते. ती मिळायची तर ८ अंशांची तफावत राहायलाच हवी. मिटली की हीटरच बंद! हाच ऑफसेट.

घरचा कूलर बघा. पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो आणि कॉक तेवढाच उघडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, पाणी भराभर उडतं, म्हणून टाकीतली पातळी मार्चपेक्षा जराशी खालीच स्थिरावते. बिघाड कुठेच नसतो.

कंट्रोलरवर ‘मॅन्युअल रीसेट’ (तफावत शून्य असतानाही द्यायची उष्णता) असेल तर तिथे ४० टक्के भरा, आकडा २००ला येईल. मशीनचा वेग बदललात की तफावत पुन्हा हजर. कायमचा इलाज इंटिग्रल (तफावत उरेल तोवर हीटरची मात्रा हळूहळू बदलत राहणारा भाग) जोडण्याचा, म्हणजे पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल).

प्रश्न : ऑफसेट घटावा म्हणून मी बँड ३ अंशांवर आणला, आता तापमान वरखाली नाचतं. (अवधान, धुळे)

नाचणारच. उष्णता जाड पोलादातून तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलपर्यंत पोचेतो जास्तीची आत शिरलेली असते. झिग्लर-निकोल्स यांची १९४२ची रीत अशी : तापमान एकसारखं झुलू लागेपर्यंत गेन (बँड जितका अरुंद तितका हा जास्त) वाढवायचा, मग निम्मा करायचा, म्हणजे बँड दुप्पट. ऑर्डरचा माल चालू असताना मात्र हा प्रयोग नको.

प्रश्न : ऑफसेट नकोसा, तर वीजकेंद्रात गव्हर्नरला (टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) मुद्दाम ड्रूप (भार वाढला की वेग थोडा घसरू देणं) का ठेवतात? (डिप्लोमाची विद्यार्थिनी, भुसावळ)

दीपनगरचं वीजकेंद्र शेजारी असल्यावर हा प्रश्न पडायलाच हवा! ड्रूप ५ टक्के असेल, तर ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये वारंवारता २.५ हर्ट्झ घसरली की संच (टर्बाइन-जनित्र) शून्यापासून पूर्ण भारावर जातो. म्हणजे ०.१ हर्ट्झ घसरली की प्रत्येक संच आपल्या क्षमतेच्या ४ टक्के जास्त उचलतो. मोठा जास्त, छोटा कमी. तफावतच वाटणी करते. उलट प्रत्येकाने अगदी ५०च धरायचा हट्ट केला, तर मोजमापातल्या केसभर फरकाने एक संच भार ओढत सुटेल, दुसरा सोडत जाईल. उरलेली घसरण मग भार प्रेषण केंद्राच्या सूचनेवरून काही संचांचं सेटिंग वाढवून भरून काढतात.