मराठवाड्यातल्या अल्पसंख्याक आर्किटेक्ट आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी संघटना काढायची आहे. नोंदणी कशी करावी आणि काम कुठून सुरू करावं?

किमान 7 सभासद हवेत. संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, दोन्हींखाली नोंदणी होते. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. घटनापत्र, नियमावली, सभासदांची ओळखपत्रं आणि कार्यालयाच्या जागेचं संमतीपत्र तयार ठेवा. पुढे पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक संस्था इथेच घसरतात. मग बँक खात्यावर सह्या कोणाच्या, यावरून भांडणं.

नियमावलीत 'आर्किटेक्ट सभासद' आणि 'विद्यार्थी सभासद' वेगळे ठेवा. वास्तुविशारद अधिनियम 1972 प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही, मग पदवी हातात का असेना.

कामाचं म्हणाल, तर सत्कार-मेळावे नंतर. बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) 5 वर्षांचं असतं आणि त्यातलं एक सत्र प्रत्यक्ष आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रशिक्षणाचं. बीड-परभणीच्या ज्या पोरांच्या घरात या धंद्यातलं कुणी नाही, ती नेमकी तिथे अडतात: ओळख नाही, पुण्यात खोलीभाडं परवडत नाही. म्हणून आधी छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या ऑफिसांकडून प्रशिक्षणाच्या जागा लेखी घ्या, मानधनाच्या आकड्यासकट. मॉडेलसाठी लागणारे सनबोर्ड, कटर, जुनी पुस्तकं यांची सामायिक पेटी स्वस्तात होते. महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) अर्जासाठी एक माणूस नेमाच. खातं आधारशी जोडलेलं नसलं की मंजूर शिष्यवृत्तीही अडकते.