शेवटच्या पत्त्यावरचा ऑल-इन: कॉल करावा की पत्ते टाकावेत?

प्रश्न: नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात (हाती दोन पत्ते, मेजावर सर्वांसाठी पाच) रोख खेळात माझ्या हाती बदामचा एक्का आणि किल्वरची राणी होती. फ्लॉपवर (मेजावरचे पहिले तीन पत्ते) बदाम राणी, बदाम नव्वी आणि किल्वर दुर्री आली. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक सत्ती आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) चौकट तिर्री पडली. फ्लॉपपूर्वी रेज (बेट वाढवणे) मीच केला होता. फ्लॉप आणि टर्न या दोन्ही वेळी मी बेट केली, म्हणजे चिप्स लावल्या, आणि समोरच्या खेळाडूने दोन्ही वेळा नुसता कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या. रिव्हरला मी चेक करताच (बेट न लावता पाळी सोडताच) त्याने ३०० चिप्सच्या पॉटमध्ये (मेजावर जमलेल्या चिप्समध्ये) आपल्या उरलेल्या सर्व ४५० चिप्स लावल्या, म्हणजे ऑल-इन केला. त्याचा बदामांचा फ्लश (एकाच रंगाचे, म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते) हुकला असावा, अशी मला शंका आली. शिवाय बदामचा एक्का माझ्याच हाती असल्याने धीर वाटला आणि मी कॉल केला. त्याने दोन दुर्र्या दाखवल्या. त्याच्या तीन दुर्र्या झाल्या होत्या. माझा निर्णय चुकला, की केवळ नशीब आडवे आले?

उत्तर: दाखवलेल्या पत्त्यांवरून निर्णयाची पारख होत नाही, म्हणून त्या दुर्र्या आपण क्षणभर बाजूला ठेवू. आधी किंमत पाहू. आपल्याला ४५० चिप्स घालून ७५० जिंकायच्या होत्या. कॉलनंतर एकूण पॉट १,२०० होतो आणि त्यात या कॉलचे ४५०, म्हणजे ३७.५ टक्के, आपले असतात. शंभरांपैकी साडेसदतीस वेळा आपला हात सरस ठरला, तर ना नफा ना तोटा. पॉटमध्ये यापूर्वी आपण घातलेल्या चिप्स आता आपल्या राहिलेल्या नाहीत. त्या वाचवण्यासाठी म्हणून केलेला कॉल हा हिशेबात न बसणारा कॉल असतो.

दुसरी गोष्ट आपल्या हाताच्या खऱ्या मोलाची. राण्यांची जोडी आणि सोबत एक्का हा हात फ्लॉपवर भक्कम दिसतो. परंतु पॉटच्या दीडपट बेट समोरचा खेळाडू राजा-राणीसारख्या हातावर सहसा लावत नाही, कारण इतक्या मोठ्या बेटीला कॉल मिळतो तो बहुधा अधिक चांगल्या हाताकडूनच. त्यामुळे त्या क्षणी आपला हात केवळ ब्लफला, म्हणजे कमकुवत पत्त्यांवर लावलेल्या बेटीला, हरवणारा हात उरला होता. आपल्याकडे एक्क्याऐवजी राजा असता, तरी फारसे बिघडले नसते.

आता मोजणी, आणि सगळा निर्णय खरे तर तिच्यातच आहे. आपल्याला हरवणारे कोणते हात तो असे खेळला असता? नव्वीची, सत्तीची किंवा दुर्रीची जोडी हाती असण्याचे प्रत्येकी ३ प्रकार शिल्लक होते, म्हणजे ९. एकाच रंगाची राणी-नव्वी इस्पिक आणि चौकट या दोनच रंगांत शक्य होती. राण्यांची जोडी असती तर त्याने फ्लॉपपूर्वीच पुन्हा रेज केला असता, म्हणून ती सोडून देऊ. एकूण ११. या मेजावर कोणालाही फ्लश किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) पूर्ण करता येत नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

ब्लफच्या बाजूला, म्हणजे स्ट्रेट किंवा फ्लश हुकलेल्या हातांत, एकाच रंगाच्या गुलाम-दश्शीचे ४ प्रकार येतात आणि बदामांतील राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-अठ्ठी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी असे आणखी ६. हे दहाही हात त्याने निर्भयपणे ऑल-इन केले असते, तर २१ पैकी १० वेळा आपण जिंकला असता, म्हणजे जवळपास ४८ टक्के, आणि कॉल उत्तम ठरला असता. पण त्यांतले निम्मे त्याने मुकाट्याने चेक करून सोडून दिले असते, तर १६ पैकी ५, म्हणजे ३१ टक्क्यांच्या थोडे वर, आणि अशा प्रत्येक कॉलमागे सरासरी ७५ चिप्सचा तोटा. सीमारेषा सात ब्लफांवर आहे. सहा असतील तर कॉल तोट्याचा, सात असतील तर किंचित फायद्याचा. समोरचा माणूस दहापैकी सात वेळा एवढे धाडस करणारा आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा होता. दोनदा नुसता कॉल करून शेवटी एकदम सर्व चिप्स लावणारे बहुतेक खेळाडू माझ्या अनुभवात तितके धाडसी नसतात.

ज्या एक्क्याने आपल्याला धीर दिला, त्याबद्दल मला विशेष तळमळीने लिहावेसे वाटते, कारण ही चूक अतिशय स्वाभाविक आहे आणि फार महाग पडते. प्रतिस्पर्ध्याचा फ्लश पूर्ण झाला असण्याची भीती असते, तेव्हा त्या रंगाचा एक्का आपल्या हाती असणे दिलासा देणारे असते. इथे फ्लश लागलाच नव्हता. बदामचा एक्का आणि आणखी एक बदाम असे दहा हात त्याच्याकडे असू शकले असते आणि त्यांपैकी सात रिव्हरनंतर एका जोडीविना उरले असते. हे सर्व ब्लफचे उमेदवार होते आणि आपल्या हातातील एक्क्याने ते सगळेच अशक्य करून टाकले. हाच एक्का इस्पिकचा असता, तर त्या सातांपैकी दोन-तीनच जरी त्याने लावले असते, तरी पारडे कॉलकडे झुकले असते आणि मीही कॉलच सुचवला असता. बदामचा असताना मी पत्ते टाकले असते.

शंका येणे आणि ती किती वेळा खरी ठरेल हे ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत शेवटचे दोघे उरले असताना क्रिस मनीमेकरने सॅम फरहाविरुद्ध रिव्हरला ऑल-इन केला. फरहाकडे नव्वीची जोडी होती आणि मेजावर नव्वीहून मोठा पत्ता नव्हता. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, म्हणजे फ्लश आणि स्ट्रेट दोन्ही हुकलेले. फ्लश हुकला असावा, असे फरहाने बोलूनही दाखवले, आणि तरीही पत्ते टाकले. मात्र त्या मेजावर तीन इस्पिके होती, त्यामुळे तयार फ्लशचे हातही त्याला हिशेबात धरावे लागत होते. आपल्यापुढे ती अडचण नव्हती.

प्रश्न: स्पर्धेतही हेच गणित लागू पडते का?

उत्तर: किंमत काढण्याची रीत तीच, पण स्पर्धेत गमावलेल्या चिप्स जिंकलेल्या तेवढ्याच चिप्सपेक्षा अधिक मोलाच्या असतात, कारण बाद झालेल्याला परत येता येत नाही आणि दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट बक्षीस नव्हे. त्यामुळे कॉलसाठी लागणारी टक्केवारी वर सरकते. याचे टोकाचे उदाहरण पात्रता स्पर्धेत दिसते, जिथे बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेतील जागा. दहा समान जागा आहेत, अकरा खेळाडू उरले आहेत, एकाच्या चिप्स जवळजवळ संपल्या आहेत आणि आपल्याकडे पुरेशा आहेत. अशा वेळी आपल्याहून अधिक चिप्स असलेल्या खेळाडूने ऑल-इन केला, तर हातातली एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणेच योग्य. कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. पण जिंकून जागा एकच मिळते, आणि ती पत्ते टाकूनही जवळजवळ निश्चित असते.