आजोबांचे आयुष्य लिहून ठेवताना

प्रश्न : माझे आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांचे आयुष्य आणि घराण्याची माहिती लिहून ठेवायची आहे; पण त्यांची दोन धाकटी भावंडे एकच प्रसंग निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दोघांचेही सांगणे त्यांच्या नावानिशी जसेच्या तसे लिहून ठेवा. आठवण मनात छायाचित्रासारखी जपलेली नसते. दर वेळी आठवताना मन ती नव्याने जुळवते, त्यामुळे दोन प्रामाणिक माणसांच्या सांगण्यातही फरक पडतो. सनावळी मात्र दाखले आणि जुनी पत्रे यांच्याशी ताडून पाहावी.

उतारवयात साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत ठळक राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणून ‘आजोबा कसे होते?’ असे मोघम न विचारता त्या भावंडांच्या स्वतःच्या तरुणपणातल्या दिवसांविषयी, तेही शक्यतो एखादी वस्तू समोर ठेवून विचारावे. समजा, आजोबांचा दोऱ्याने बांधलेल्या दांडीचा चष्मा हातात दिला, की ज्या गोष्टी थेट विचारून सुचत नाहीत त्या आपसूक निघतात. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा. छायाचित्रांवरील नावे मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आजीच्या माहेरची नावेही आवर्जून विचारा, कारण वंशावळीतून तीच आधी गळतात, आणि याचे मला फार वाईट वाटते.

कागदपत्रे नंतर पाहता येतील. त्या दोन भावंडांकडे याच आठवड्यात जा.