देव मानत नाही, मग माझी माणसं कोणती?

"मॅडम, मी देव मानत नाही. तरी भजनी मंडळात जाते. मी नाटक करून राहिली असं वाटते. अन् नाही गेली तर घर खायला उठते."

नागपूरच्या प्रतापनगरकडच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बँकेतून निवृत्त, मुलगी पुण्याला. नवरा-बायको दोघंही नास्तिक, त्यामुळे संसारात कधी काही अडलं नाही. यजमान गेले आणि बोलायलाच कोणी उरलं नाही.

आधी झोप, भूक, जगणं नकोसं होतं का, हे विचारून घेतलं. एकटेपणा होता, शोक होता, नैराश्याचा आजार नव्हता. हे तपासल्याशिवाय जगण्याच्या अर्थाची चर्चा करू नये, असं माझं ठाम मत आहे. मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

मग विचारलं, मंडळात आवडतं काय? "गुरुवारी चारला जायचं असते. नाही गेली तर फोन येते." उत्तरात देव कुठंच नव्हता. अमेरिकेतले संशोधक चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी २०१० मध्ये असंच काहीसं मांडलं होतं. नियमानं चर्चला जाणारे अधिक समाधानी दिसतात, ते मुख्यतः तिथं जमलेल्या मैत्रीमुळे; एकट्यानं केलेल्या प्रार्थनेचा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. तिथली चर्चं वेगळी, आपली मंडळं वेगळी, पण आपण गैरहजर असल्याचं कुणाच्या तरी लक्षात येणं, ही भूक सारखीच.

देव न मानणारी बरीच माणसं आधी उद्दिष्ट शोधत बसतात. ते सापडलं की माणसं जोडू, म्हणतात. मी त्यांना आधी ठरलेला वार, ठरलेली जागा आणि हातात काम शोधायला सांगते.

"मला काय येते? मी कागदं पाहणारी बाई," त्या म्हणाल्या. नेमकं तेच हवं होतं! मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडून रुग्ण येतात. मोफत उपचारांच्या सरकारी जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, त्यातलं नाव जुळत नाही, कुठल्या खिडकीवर जायचं कळत नाही. अशा नातेवाइकांना मदत करणारे काही निवृत्त लोक माझ्या ओळखीचे होते. बाई मंगळवारी त्यांच्यात जाऊ लागल्या. सुरुवातीला कंटाळल्या, गर्दीनं दमल्या, सोडते म्हणाल्या. मग अहेरीकडचा एक म्हातारा दुसऱ्या खेपेला आला तो "चष्मेवाल्या बाई कुठं आहेत?" असं विचारतच. त्यानंतर सोडायची गोष्ट निघाली नाही.

जावेकडच्या महालक्ष्म्यांना जावं का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जरूर जा. हात जोडायचे नसतील तर नका जोडू, पण पंगत वाढा. नाती श्रद्धेच्या आधीपासूनची आहेत.

भजनी मंडळही सुटलेलं नाही. "मी देव मानत नाही, गायला आवडते म्हणून येते," असं त्यांनी एका गुरुवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दोघींना ते खटकलं, अजूनही खटकतं. बाकीच्यांनी पुढच्या गुरुवारचा चहा त्यांच्याकडे लावला.