स्वतःची लायसनची बंदूक गणपतीत लकी ड्रॉला लावली तर चालेल का?

नाही चालणार, बंदूक तुमच्या नावावर आणि लायसन चालू असलं तरी नाही, आणि शंभराची कुपनं फक्त वाडीतच खपवली तरी नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 5 वाचा, खाजगी माणसाला स्वतःची बंदूक दुसऱ्याला देता येते पण घेणाऱ्याला ती बाळगायचा हक्क हवा, त्याचं नाव-पत्ता आधी जिल्हा दंडाधिकारी नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. आता ड्रॉमध्ये चिठ्ठी उघडेपर्यंत नावच माहीत नसतं, मग अर्जात लिहिणार काय? चिठ्ठी निघाली मुंबईहून आलेल्या एखाद्या चाकरमान्याची, लायसन नाही काही नाही, आणि मंडपात सगळ्यांसमोर बंदूक त्याच्या हातात दिलीत तर कलम 25 लागू शकतं, त्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 7 वर्षं आहेत. शिवाय सरकारी परवानगीशिवाय सोडत काढणं हा वेगळा गुन्हा, भारतीय न्याय संहिता कलम 297. मंडळवाले मिक्सर नि सायकल लावतात त्याकडे कोणी बघत नाही म्हणून बंदूकही खपून जाईल असं अजिबात समजू नका.

हां, डुकरं-वांदरांसाठी घेतलेली बंदूक आता नकोच असेल तर लायसनवाला ठरावीक गिऱ्हाईक बघून वरच्या पद्धतीने विकू शकता, नाहीतर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि पोच घ्यायला विसरू नका.