'मी तर तेव्हाच सांगितलं होतं'

प्रिय,

पत्र मिळालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा) हिशेब करायला बसलात आणि त्यातून पुन्हा २०२३ चा कापूस निघाला, हे वाचून हसू आलं. 'विका म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं, आप्पांनी ऐकलं नाही,' असं तू लिहितोस. सांगितलं असशीलही. पण कोणत्या महिन्यात, आणि किती ठामपणे?

तू खोटं बोलतोस असं मला म्हणायचं नाही. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. बरुक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं, की दौऱ्यात काय काय घडेल, कशाची किती शक्यता वाटते? दौरे झाल्यावर त्याच मुलांना विचारलं, 'तेव्हा तुम्ही काय आकडा दिला होता?' जे घडलं होतं त्याला आपण मुळात जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना प्रामाणिकपणे आठवत होतं. निकाल कळला की मन जुनी आठवण गुपचूप दुरुस्त करतं, आणि दुरुस्ती केल्याची खूण ठेवत नाही.

आता आप्पा. त्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे आलो होतो. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली, खाटा ओट्यावर, आणि धाकटी रात्रभर हातपाय खाजवत होती. भाव तेव्हा क्विंटलला आठ हजारांच्या वर होता. लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव ६,३८० रुपये. म्हणजे तोटा कुठेच नव्हता! पण आप्पांच्या डोक्यात आदल्या हंगामाचे दहा-बारा हजार बसलेले. त्याच्याशी तोलून पाहिलं की आठ हजार म्हणजे खिशातून चार हजार गेल्यासारखे.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनात धरलेल्या आकड्यापासून मोजतो. तोटा नफ्यापेक्षा जास्त बोचतो, आणि तोट्यात आहोत असं वाटलं की माणूस जुगार खेळायला तयार होतो. आप्पा थांबले ते हट्टाने नव्हे, हातचं गेलेलं परत मिळवायला. तोवर कापूस घरात वाळून वजनातही घटत होता, ते कोणी धरलंच नाही. त्यात मोबाइलवर 'भाव बारा हजार जाणार' असे मेसेज. उलटं सांगणारेही येत होते, पण ते कोणी पुढे पाठवत नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर सात हजारांच्या आसपास विकला.

अशा वेळी एक प्रश्न कामाला येतो, तो आप्पांना नाही, स्वतःला विचार. आज हा कापूस माझ्या घरात नसता आणि हातात रोख पैसे असते, तर याच भावाने मी तो विकत घेऊन साठवला असता का? नसता, तर मग थांबण्याचं कारण बाजारात नाही, आपल्या डोक्यात आहे. थांबूच नये असं मी म्हणत नाही. कर्ज डोक्यावर नसलेल्याला थांबणं परवडतं, आणि एखाद्या वर्षी फळतंही. २०२१-२२ मध्ये फळलंच होतं, आणि खरा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

यंदा कपाशी लावायची की मका, यावर तुझं आणि आप्पांचं एकमत नाही म्हणतोस. मग वाद पुढे न्यायच्या आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा: तारीख, आजचा भाव, दिवाळीनंतर काय भाव राहील असं वाटतं, त्याची शंभरात किती खात्री, आणि कोणती गोष्ट घडली तर मी माझं मत बदलेन. शेवटचं कलम टाळू नकोस, तिथेच पेन अडतं. कारणं दोन ओळींत पुरे. एकमेकांचं बघायचं नाही. दोन्ही कागद घडी घालून आईकडे द्या, आणि कापणी-वेचणी उरकून माल विकला गेल्याशिवाय तिने ते कोणालाही द्यायचे नाहीत. तुलासुद्धा.

तुझा,
काका